बांधाच्या अलीकडे

हंगामाचे शेवटचे पंधरा दिवस राहिले होते आणि आभाळाचं काही खरं नव्हतं. सकाळी लख्ख ऊन पडायचं. दुपार कलली की पश्चिमेकडून काळपट ढग सरकत यायचे, तासभर डोक्यावर घुटमळायचे आणि काही न बोलता निघून जायचे. सातही वाफ्यांत मीठ धरलं होतं. एक सर जरी नेटानं आली असती तरी चार महिन्यांची मेहनत विरघळून गेली असती. त्यामुळे मिठागरावरच्या त्या घरात कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं. थोरला भाऊ सारखा वर बघून मान अवघडून बसला होता. धाकटा भिंतीवरसुद्धा चिडत होता. त्याच्या बायकोला, धाकटीला, सहावा महिना लागलेला, तिला ओझं उचलायचं नव्हतं. म्हणून गोडं पाणी आणायचं काम थोरल्याच्या बायकोवर, एकट्या थोरलीवर आलं होतं. विहीर पाऊण कोस लांब. पहाटे दोन खेपा, संध्याकाळी दोन.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे मीठ साठवायची पत्र्याची शेड. शेडपासून वाफे सुरू व्हायचे ते थेट बांधापर्यंत. बांध मातीचा, छातीएवढा उंच. त्याच्या पलीकडे समुद्र, अलीकडे मीठ. बांधाला एका ठिकाणी लाकडी झडप होती. भरतीला ती उचलून हवं तेवढं पाणी आत घ्यायचं आणि पुन्हा बंद करायची. थोरली बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इथं आली तेव्हा सासऱ्यानं तिला पहिल्याच दिवशी हा बांध दाखवला होता आणि म्हटलं होतं, "घराला कुलूप नसलं तरी चालेल, पण इथं लक्ष ठेव."

त्या सकाळी दुसरी खेप करून ती परत येत होती. भरती चढत होती. अंगणात कळशा उतरवते न उतरवते तोच बांधाच्या बाजूनं ओरडणं ऐकू आलं. एकाचं नाही, बऱ्याच जणांचं. मारामारीत ओरडतात तसं नव्हतं ते. भाजल्यावर माणूस ओरडतो तसं होतं.

ती धावली. बांधाच्या मधोमध एका बोटीचं नाक घुसलं होतं. बोट म्हणजे लाकडाचं जुनं खोकं, एका अंगाला कललेलं. तिच्या धक्क्यानं बांध फुटला होता आणि त्या भगदाडातून पाणी खळाळत आत येत होतं. आणि बोटीतली माणसं बांधावरून उतरून वाफ्यात आली होती आणि जागच्या जागी नाचत होती. क्षणभर तिला काही कळेना. मग तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. मांड्यांपासून खाली कातडी सोलून निघालेली, लालभडक. कित्येक दिवस बोटीच्या तळाशी डिझेल आणि खारं पाणी यांच्या रबड्यात बसून काढलेले ते पाय होते. तसल्या पायांनी माणसं पिकल्या मिठात उतरली होती.

"वर! वर या! बांधावर!" ती हात हलवून ओरडली. भाषा कुणाला कळली नाही, पण हात कळला. काही जण वर चढले. एक बाई मात्र वाफ्यातच बसली आणि बसल्यावर तर तिनं टाहोच फोडला. थोरलीनं पुढे होऊन बाईच्या काखेत हात घातले आणि तिला ओढत शेडच्या कोरड्या जमिनीवर आणून टाकलं. बाई हलकी होती. मिठाच्या भरल्या टोपलीपेक्षाही हलकी.

तेवढ्यात दोघे भाऊ फावडी घेऊन आले. थोरल्यानं माणसांकडे बघितलंच नाही. त्यानं भगदाड बघितलं, पहिल्या तीन वाफ्यांत गढूळ पाणी पसरताना बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"गेलं," तो म्हणाला. "तीन वाफे गेले."

"दादा, उरलेलेही जातील!" धाकटा ओरडला. "भरती अजून चढतेय!"

फावडी घेतलेली माणसं अंगावर येताना बघून ते लोक मागे सरले. त्यांना वाटलं, आता मार बसणार. त्यांच्यातला एक उंच माणूस मात्र मागे सरला नाही. पन्नाशीचा असेल. त्यानं थोरल्याकडे बघितलं, मग थोरला कुठं बघतोय तिकडे बघितलं आणि एकदम भगदाडात उतरला. पाठ समुद्राकडे करून, पाय रोवून उभा राहिला. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी येतच होतं. त्यानं मान वळवून आपल्या माणसांना काहीतरी फर्मावलं. मग दुसरा उतरला, तिसरा उतरला. पाच-सहा जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले. खारं पाणी त्यांच्या सोललेल्या मांड्यांवर आपटत होतं आणि ते दात आवळून उभे होते.

"बघत काय बसलायस? माती टाक!" थोरला धाकट्यावर खेकसला.

दोघा भावांनी त्यांच्या पोटापुढे माती टाकायला सुरुवात केली. मग बांधावर बसलेलेही उठले. कुणी टोपलीनं, कुणी नुसत्या हातांनी चिखल आणून टाकू लागले. माती टाकली की उंच माणूस ती टाचेनं दाबायचा, टाच फिरवायचा, पुन्हा दाबायचा. थोरल्यानं ते बघितलं. मातीत काम केलेला माणूस मातीत काम केलेल्याला ओळखतो. दीड तासात पाणी अडलं. भरती उतरायला लागली तेव्हा बांध पुरता उभा होता, उलट आधीपेक्षा हातभर रुंदच. बोट पलीकडे गाळात आडवी पडली होती.

थोरला बांधावर मटकन बसला. उंच माणूस त्याच्या शेजारी बसला. दोघंही धापा टाकत होते. थोड्या वेळानं थोरल्यानं खिशातून विडी काढली, पेटवली, दोन झुरके मारले आणि न बघताच शेजारी दिली.

एकोणीस जण होते. थोरलीनं त्यांना शेडमध्ये सावलीला बसवलं आणि सकाळी आणलेल्या चारही कळशा तिथं नेल्या. पहिली सगळी प्यायला गेली. मग तिनं त्या हलक्या बाईचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि गोड्या पाण्यानं धुवायला लागली. पाणी पडलं की बाई कळवळायची. मग हळूहळू तिचं कळवळणं थांबलं आणि ती नुसतीच बघत राहिली. एकीचे झाले, दुसरीचे झाले. तिसरी कळशी कलती झाली तशी धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"ताई, सगळं पाणी ओतून टाकणार का? आपण काय प्यायचं?"

"आणीन मी पुन्हा."

"तुम्ही आणाल, तुमच्या पाठीचं काय? तीन वाफे बुडवले त्यांनी आपले आणि वर तुम्ही त्यांचे पाय धुताय!"

"अगं, हे मीठ आपलंच आहे ना?" थोरली मान खाली घालूनच म्हणाली. "आपल्या मिठानं भाजलेत."

धाकटी आत गेली. थोड्या वेळानं आतून भाताचं पातेलं चुलीवर चढल्याचा आवाज आला. नेहमीचं नव्हे, लग्नकार्याचं मोठं पातेलं.

निरोप धाकट्यानंच चौकीवर दिला. द्यायलाच हवा होता. मिठागर सरकारी जमिनीवर, दर वर्षीच्या भाडेपट्ट्यावर. किनाऱ्यावर काही झालं तर कळवायचं अशी पट्ट्यातच अट होती. दुपारी जीप आली. चौकीचे साहेब आणि एक हवालदार. साहेब काही वाईट माणूस नव्हता. शेडमध्ये वाकून त्यानं डोकी मोजली, पायांकडे बघून तोंडानं च्च केलं आणि हवालदाराला म्हणाला, "डॉक्टरला बोलवायला लागेल. आणि ह्यांची नावं लिहून घ्यायला दुभाषा." मग थोरल्याला म्हणाला, "आता हे लोक उतरलेत म्हणजे प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. कुठून आले, का आले, परत गेले तर जिवाला धोका आहे का. कायदा आहे तसा. ऐकल्याशिवाय हाकलता येत नाही."

"बरं आहे मग," थोरला म्हणाला.

साहेब जीपपाशी जाऊन फोनवर बोलला. बराच वेळ बोलला. बोलला म्हणजे, ऐकतच होता. मधूनमधून "हो सर" म्हणत होता. तो परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. डॉक्टरचं नावही त्यानं पुन्हा काढलं नाही. हवालदारानं जीपमधून कागद आणले. साहेबानं बॉनेटवर ठेवून लिहायला घेतलं, भराभरा, एकदाही न थांबता.

"दोघं इकडे या. पंच म्हणून सही लागेल."

धाकट्याला वाचता येत होतं. तो ओठ हलवत वाचू लागला आणि मध्येच थांबला. "साहेब, इथं लिहिलंय की बोट बांधाबाहेर गाळात रुतली होती आणि लोक बोटीतच होते."

"हं."

"पण ते तर…"

"तुम्ही त्यांना पाणी दिलंत, जेवण दिलंत, तेही लिहिलंय. चांगलं काम केलंत. त्यांच्या मर्जीनं बोट ओढून खोल पाण्यात सोडली. पुढचं पुढे."

थोरला म्हणाला, "साहेब, ते शेडमध्ये बसलेत."

"आत्ता बसलेत. संध्याकाळच्या भरतीनंतर नसतील." साहेबानं टोपी काढून कपाळ पुसलं. "हे बघ, जमिनीला पाय लागले की ते आपल्या गळ्यात पडले. पाण्यात असले तर नाही. वरून आलंय हे. मला काही हौस नाही. आणि तुझा पट्टा ह्याच महिन्यात संपतो ना? ना हरकतीचा कागद माझ्याच टेबलावरून जातो. मी आजवर कधी अडवलाय?"

"नाही साहेब."

"मग?"

धाकट्यानं सही केली. त्याच्या बायकोला सहावा महिना होता आणि घर त्याच पट्ट्यावर उभं होतं. थोरल्यानं पेन हातात घेतलं. त्याच्या हाताचा चिखल वाळून भेगाळला होता, त्यातला थोडा कागदावर पडला. साहेबानं तो फुंकरीनं उडवला. थोरल्यानं एकदा शेडकडे बघितलं. तिथं थोरली उभी होती. मग त्यानं खाली बघून सही केली.

भरती पुन्हा चढल्यावर चौकीची लाँच आली तेव्हा ते लोक निमूटपणे उठले. हवालदारानं हातवारे करून सांगितलं होतं की बोटीतून शहराला नेणार, दवाखान्यात. त्यांना ते खरं वाटलं. म्हणून जाताना ते आनंदात होते. हाच सगळ्यांत वाईट भाग होता. हलक्या बाईनं थोरलीचा हात धरून एकच शब्द तीन-चार वेळा उच्चारला. थोरलीला तो कळला नाही, पण तिनं मान हलवली. उंच माणसानं जाता जाता बांधाच्या नव्या मातीवर पाय ठेवला, टाचेनं जरा दाबून बघितली, समाधानानं मान डोलावली आणि थोरल्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. थोरल्याच्या बोटाला शाई लागलेली होती.

लाँचनं दोर बांधला, बोट ओढत नेली. थोरली बघत राहिली. शहर उत्तरेला होतं. लाँच सरळ पश्चिमेकडे गेली.

"अहो," ती म्हणाली, "कुठं नेतायत त्यांना?"

थोरला फावडं धुवत होता. आधीच धुतलेलं फावडं तो धुवत होता.

पुढचे दहा दिवस मीठ उचलण्यात गेले. चार वाफे वाचले होते. चौघंही पहाटेपासून राबत होती, धाकटीसुद्धा बसल्या बसल्या पोती शिवत होती. पट्ट्याचा ना हरकत कागद चौथ्याच दिवशी आला, हवालदार स्वतः घेऊन आला. धाकट्यानं तो दोनदा वाचून ट्रंकेत ठेवला. घरात बोलणं फक्त कामापुरतं होत होतं. थोरल्याचं जेवण निम्म्यावर आलं. विचारलं तर म्हणायचा, "उष्म्यानं होतं." एकदा थोरलीनं त्याला बांधावर नुसताच उभा राहिलेला बघितला. ती जवळ गेली तसा तो म्हणाला, "चांगला दाबलाय. कुठं चीर नाही."

मीठ शेडमध्ये पडलं, वर झावळ्या अंथरल्या आणि त्यानंतर आठवड्यानं वकीलबाई आली. तिशीची पोरगीच, बुटांना चिखल लागलेला, खांद्याला कागदांनी फुगलेली पिशवी. तिला बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती उपड्या टोपलीवर बसली. दोघे भाऊ झडप दुरुस्त करायला गेले होते.

"मावशी, मागच्या महिन्यात इथं बोट आली होती?"

थोरलीनं आधी बांधाकडे, झडपेशी वाकलेल्या दोघांकडे बघितलं.

वकीलबाईनं सांगितलं ते असं. बोट खोल समुद्रात सोडली होती. दुसऱ्या दिवशी इंजिन बंद पडलं. सातव्या दिवशी एका मालवाहू जहाजाला ती दिसली. बोटीत अकरा जण जिवंत होते. जहाजाच्या कप्तानानं त्यांना वर घेतलं, कारण समुद्रात माणूस बुडताना दिसला तर घ्यावंच लागतं, तोही कायदाच आहे. पण बंदर त्यांना उतरू देत नव्हतं. जहाज बाहेरच नांगर टाकून उभं होतं. कोर्टात प्रकरण लागलं होतं.

"सरकार म्हणतं, हे लोक कधी आपल्या जमिनीवर आलेच नाहीत, म्हणून त्यांचं ऐकायची जबाबदारी आपली नाही. पंचनामा आहे त्यांच्याकडे, दोन सह्यांचा. आणि जहाजावरची माणसं सांगतात, आम्ही उतरलो. आम्ही मातीची भिंत बांधली. एका बाईनं आमचे पाय धुतले." ती थोरलीच्या हातांकडे बघत होती. "मी किनाऱ्यावरची सगळी मिठागरं पालथी घातली. हे नववं."

"अकराच?" थोरलीनं विचारलं.

"अकराच."

"एक उंच होता. पन्नाशीचा."

वकीलबाईनं कागद चाळले. "जहाजावरच्या एका बाईनं जबाब दिलाय, त्यात आहे. इंजिन बंद पडल्यावर तिसऱ्या दिवशी एका नावेचा दिवा दिसला, म्हणून तो पोहत निघाला. परत आला नाही."

थोरली उठली आणि आत जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आली.

त्या संध्याकाळी घरात फुटायचं ते फुटलं.

"वहिनी, तुम्ही कोर्टात गेलात तर काय होईल माहीत आहे?" धाकटा म्हणाला. तो कधी तिच्यापुढे आवाज चढवत नसे. "पंचनामा खोटा ठरेल. म्हणजे आम्ही खोटे ठरू. दादावर केस होईल, माझ्यावर होईल. पट्टा तर गेलाच. आणि कुणासाठी? ज्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत!"

"नावं लिहून घेणार होते साहेब," थोरली म्हणाली. "तुम्हीच ऐकलंत की, भावोजी."

"मी बरंच काही ऐकलं त्या दिवशी. पण मला पोर होणार आहे. ते कुठं ठेवू मी? बोटीत?"

धाकटीनं तोंडाला हात लावला. बोलून गेल्यावर धाकट्यालाही आपण काय बोललो ते कळलं. तो बाहेर निघून गेला.

थोरला कोपऱ्यात बसला होता. थोरली त्याच्यासमोर जाऊन बसली. "तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही म्हणा. तोंडानं म्हणा."

त्यानं चटई ओढून पसरली. मग म्हणाला, "मला झोप येतेय," आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. त्यानं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. तिनं रात्रभर त्याचा श्वास ऐकला. झोपलेल्या माणसाचा नव्हता तो.

तारखेच्या दिवशी ती एकटीच निघाली. बस लागते म्हणून तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. कोर्टाची खोली अपेक्षेपेक्षा लहान होती. पंखे जोरात होते आणि कागदांवर दगड ठेवले होते. साहेब पहिल्या बाकावर बसला होता. त्यानं तिला ओळखलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. न्यायाधीश म्हणजे एक वयस्क बाई होती, सर्दीनं बेजार झालेली.

वकीलबाईनं विचारलं, तिनं सांगितलं. सोपं होतं. काय बघितलं ते सांगायचं होतं. किती जण होते, कुठं उतरले, पाय कसे होते, शेडमध्ये कुठं बसले, भात किती लागला. मग सरकारी वकील उठले. गोड बोलणारा माणूस.

"बाई, तुम्हाला लिहिता-वाचता येतं?"

"सही येते."

"समुद्राचं पाणी भरतीला बांधापर्यंत येतं ना? मग बांध म्हणजे जमीन की समुद्र, हे तुम्ही कसं ठरवलंत?"

"बांधाच्या अलीकडे आम्ही राहतो," थोरली म्हणाली. "समुद्रात कशाला राहू?"

मागे कुणीतरी हसलं. वकील हसले नाहीत. त्यांनी एक कागद उचलला. "ही सही कुणाची?"

"आमच्या ह्यांची."

"ह्या कागदात लिहिलंय की एकही माणूस बोटीतून उतरला नाही. म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे तुमचा नवरा खोटारडा आहे?"

थोरलीनं कागदावरच्या सहीकडे बघितलं. सगळी तयारी करून आली होती, पण हा शब्द कुणी तिच्यापुढे असा ठेवेल असं तिला वाटलं नव्हतं. ती कठड्याला धरून उभी राहिली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "उत्तर द्या." वकील एक पाऊल पुढे आले.

"बाई, हो की नाही?"

"हो," मागून आवाज आला.

थोरला दारापाशी उभा होता. पुढच्या बसनं आला असावा. अंगात त्याचा एकुलता एक धुवट शर्ट होता. पट्टेवाला त्याला खाली बसवायला गेला, तो बसला नाही.

"तिला काय विचारता? सही माझी आहे. खोटी आहे." त्याला खूप माणसांसमोर बोलायची सवय नव्हती, तो थांबून थांबून बोलत होता. "बांध फुटला होता. आम्ही दोघं भाऊ. भरतीत दोघांच्यानं होतं का ते काम? एकोणीस माणसं लागली. मी लिहून दिलं की कुणी उतरलंच नाही. मग बांध कुणी घातला?"

साहेबानं डोळे मिटून घेतले. न्यायाधीशबाईंनी रुमालानं नाक पुसलं आणि त्याला पुढे येऊन शपथ घ्यायला सांगितलं.

संध्याकाळपर्यंत हुकूम झाला. अकराही जणांना उतरवून घ्यावं, औषधपाणी करावं, प्रत्येकाचं म्हणणं ऐकावं आणि ते होईपर्यंत कुणालाही परत पाठवू नये. ठेवून घ्यायचं की नाही ते नंतर ठरेल. खोट्या पंचनाम्याची चौकशी वेगळी चालेल. वकीलबाई रडत होती आणि हसत होती. तिनं थोरलीला मिठी मारली तेव्हा थोरली नुसतीच उभी राहिली. तिला त्या उरलेल्या आठ जणांचा हिशोब लागत नव्हता.

व्हरांड्यात साहेब भेटला. थोरला त्याला टाळून जाणार होता, पण साहेबच थांबला. "मी तरी काय करणार होतो रे?" तो म्हणाला. थोरल्याला त्याची कीव आली. "पट्ट्याचं…" साहेब पुढे बोलणार होता.

"माहीत आहे साहेब," थोरला म्हणाला.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली. ती खिडकीशी, कारण तिला बस लागायची. ती म्हणाली, "जेवलात का सकाळी?"

"नाही."

"मीही नाही."

पट्टा महिन्याभरात रद्द झाला. चौकशीत धाकट्याला समज देऊन सोडलं, कारण थोरल्यानं सगळं आपल्या अंगावर घेतलं. त्याला दर आठवड्याला चौकीवर हजेरी लागली. धाकटा बायकोला घेऊन सासुरवाडीला निघाला. सामान टेम्पोत चढवलं, पण तो वहिनीशी एक शब्द बोलला नाही. धाकटी मात्र निघता निघता खाली उतरली, जडावलेल्या अंगानं वाकली आणि थोरलीच्या पाया पडली. "ताई, बाळंतपणाला याल ना?" तिनं विचारलं. थोरली म्हणाली, "बोलावलंत तर येईन." धाकट्यानं हॉर्न वाजवायला लावला.

बाळंतपणाचा निरोप आला नाही. मुलगी झाल्याचं तिसऱ्याकडून कळलं.

नवा हंगाम सुरू झाला तेव्हा थोरला आणि थोरली बारा कोसांवरच्या एका मोठ्या मिठागरावर मजुरीला लागली. तिथं साठ वाफे होते आणि राहायला पत्र्याच्या खोल्यांची रांग. वकीलबाईनं कुठूनतरी पत्ता काढून पत्र पाठवलं होतं, शेजारच्या खोलीतल्या मुलीनं ते वाचून दाखवलं. अकरांपैकी सात जणांना राहायची परवानगी मिळाली. चौघांचं अजून चालू आहे. हलक्या बाईचे पाय बरे झाले, पण चालताना ती अजून टाच टेकत नाही. थोरलीनं शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली.

मीठ ओढायच्या पहिल्या दिवशी मुकादमानं सगळ्या नव्या मजुरांना वाफ्याच्या कडेला उभं केलं. पंचविशीचा असेल, नवीन बूट घातलेला. मीठ ओढायचं लाकडी दाताळं त्यानं हातात घेतलं आणि थोरल्याला पुढे बोलावलं.

"ए बाबा, आधी कधी केलंय हे काम?"

थोरली टोपली घेऊन दहा पावलांवर उभी होती. तिला वाटलं, आता हा सांगेल. तीस वर्षं, सात वाफे, बापाचं मिठागर.

"थोडंफार," थोरला म्हणाला.

"मग नीट बघ. दांडा असा धरायचा, खूप वर नाही. खालचा चिखल उचलायचा नाही, नुसतं मीठ. घाई करायची नाही. कळलं?"

थोरल्यानं दांडा घेतला आणि मुकादमानं दाखवला तसाच, जरा चुकीचा, धरला. दोन हात ओढून दाखवलं. पांढरंशुभ्र मीठ एका रेषेत पुढे सरकलं, चिखलाचा एक कण त्यात नव्हता. मुकादमानं खाली वाकून बघितलं, मग थोरल्याच्या तोंडाकडे बघितलं.

"बरं आहे," तो जरा चाचरत म्हणाला. "जमेल तुला हळूहळू."

"हो," थोरला म्हणाला. "बघू या."

मुकादम पुढच्या माणसाकडे वळला. थोरल्यानं मान न उचलता हात दांड्यावर सरकवून आपल्या जागी आणले आणि ओढायला सुरुवात केली. थोरली टोपली घेऊन त्याच्या मागे गेली.